निंबाखालची पार्वतामाय

"सकाळी काय खाल्लं वं?" असे विचारून गिऱ्हाईक परत पाठवणारी दुकानदारीण मी आयुष्यात एकच पाहिली. आर्वीच्या आमच्या मुलींच्या शाळेच्या मागच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली, तीन दगडांच्या चुलीवर कढई ठेवून ती भजी तळायची. मधली सुट्टी झाली की मुलींची झुंबड उडायची आणि पार्वतामाय झारा उभा धरून एकेकीची उलटतपासणी घ्यायची. घरून जेवून आलेली असेल तिला पळसाच्या पानाच्या द्रोणात भजी. नुसता चहा पिऊन आलेली असेल तिला भजी नाहीत. "उपाशी पोटी भजे नाई भेटत माया इथं. बस खाली. हे भाकर खाय पहिले." आणि ती स्वतःच्या फडक्यातली ज्वारीची भाकर तोडून, त्यावर तिळाची चटणी घालून त्या मुलीच्या हातावर ठेवायची. भाकर संपली की मग भजी. खोटे बोलणाऱ्या मुली होत्याच. पण पार्वतामाय त्यांना जीभ दाखवायला सांगायची आणि जिभेवरून तिला काय कळायचे ते तिचे तिलाच ठाऊक. बहुतेक वेळा तिचा अंदाज खरा निघे.

हिला धंदा कळत नाही, असे माझे पहिले मत झाले. दुसरे मत असे झाले की हिला स्वच्छताही कळत नाही. माझी मते तेव्हा फार लवकर होत असत.

पन्नास साल उलटून चार-पाच वर्षे झाली होती. मी नागपूरहून नवीकोरी मास्तरीण होऊन आले होते, नोकरी कायम व्हायची होती. शिक्षणशास्त्राबरोबर आरोग्यशास्त्राचेही थोडे पाणी अंगावरून गेले होते, त्यामुळे जीवनसत्त्वांचा एक मोठा तक्ता मी पहिल्याच महिन्यात वर्गात टांगला. त्यात गाजर होते, अंडे होते, मासळी होती. आर्वीच्या मुली त्या मासळीकडे बघून खुदुखुदु हसत. गंमत म्हणजे मला स्वतःला तेव्हा धड खिचडीसुद्धा करता येत नव्हती. "तू शीक, चुलीचं मी बघते," म्हणून आईने मला स्वयंपाकघरात कधी येऊच दिले नव्हते. घरी भांड्यांना कल्हई लावणारा आला की मी धुराच्या वासाने नाक धरून, पुस्तक घेऊन माडीवर जात असे.

पार्वतामाय उंच, सडसडीत, हनुवटीवर गोंदलेली. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये होता, तो तरुणपणीच गेला. एक मुलगी, तिला कारंजाकडे दिलेली. बाई एकटी राहायची, पण तिचा आवाज ऐकून तसे वाटत नसे. तिच्या भज्यांवर माझा राग होता तो तेलामुळे. कढईतले तेल काळेभोर असायचे. ती त्यात रोज थोडे नवे ओतायची, जुने कधी काढायचीच नाही. मी एकदा तिच्यापुढे उभी राहून तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने काय होते यावर छोटेसे भाषणच दिले. तिने ते सगळे मान हलवत ऐकले आणि म्हणाली, "बाई, तुमाले तेल वहीत भेटते, मले बजारात भेटते." मुली हसल्या. मला ते लागले. त्यानंतर मी मुख्याध्यापिकांकडे तिची तक्रार करायची संधी सोडली नाही.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. पांढरे पातळ, मोकळे कपाळ, कमी बोलणे. त्या दर वेळी एवढेच म्हणत, "बघू."

पुढच्या वर्षी सरकारकडून शाळांना दुधाच्या भुकटीचे डबे आले. त्याचे दूध करून मुलींना द्यायचे काम मोठ्या बाईंनी माझ्याकडे दिले. शाळेत एक भला मोठा पितळी गंज होता, गॅदरिंगच्या जेवणाला वापरायचा. त्यात पाणी उकळायचे, भुकटी ढवळायची आणि पेले भरायचे. पण मुलींना त्या दुधाचा वास आवडेना. कुणी नाक दाबून प्यायची, कुणी हळूच तुळशीला घालायची. रोज अर्धा गंज उरायचा. मग मला एक युक्ती सुचली आणि ती सुचल्याबद्दल मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. उरलेल्या दुधाला त्याच गंजात विरजण लावायचे, सकाळी मीठ-जिरे घालून ताक करायचे. आपल्याकडच्या मुलींना ताकाचे वावडे नाही.

पहिल्याच दिवशी मुलींनी पेले चाटूनपुसून साफ केले. मी विजयी मुद्रेने मोठ्या बाईंना ते पेले दाखवले. मधल्या सुट्टीनंतर तासाभरात पहिली मुलगी ओकली. मग दुसरी, मग वर्गच्या वर्ग. पोट धरून मुली ओट्यावर आडव्या झाल्या. सगळीकडे धावपळ उडाली. मी पदर खोचून, राख टाकून, फडक्याने पुसत होते. दवाखान्यातले डॉक्टर आले, त्यांनी विचारले, "काय खाल्लं होतं?" मुली म्हणाल्या, "भजे." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "त्या तेलाबद्दल मी केव्हापासून सांगते आहे." ताकाचे मी बोलले नाही. लपवले असे नाही, ते माझ्या मनातच आले नाही. सीलबंद डब्यातले सरकारी दूध, त्याचे मी स्वतः केलेले ताक. त्यात खोट कशी असेल?

दोन दिवसांत मुली बऱ्या झाल्या. पण गावात बोभाटा झाला. शाळेच्या समितीने ठरवले, फाटकाशी खाण्याचे काही विकायचे नाही. नोटीस मी लिहिली. पार्वतामायला वाचता येत नव्हते म्हणून वाचूनही मीच दाखवली, सगळ्या मुलींसमोर, निंबाखाली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "पोट्ट्या बऱ्या हायेत ना?"

"हो," मी म्हणाले.

"मंग ठीक हाय." तिने चुलीत पाणी ओतले, कढई उचलली आणि चालू लागली. मला तेव्हा हायसे वाटले होते, हे मी कबूल करते.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गंजात विरजण लावले. सकाळी ताक घुसळले आणि मीठ बघायला म्हणून एक पेला घेतला. चव जराशी तुरट, जिभेला धातूसारखी लागली. थोडे जास्त मीठ घातले, आणखी अर्धा पेला प्याले. पहिला तास संपायच्या आत मी शाळेमागच्या भिंतीशी वाकून उभी होते, आतडी बाहेर येतात की काय असे वाटत होते. आणि तशा अवस्थेतही एक गोष्ट लख्ख कळली. आज निंबाखाली कढई नाही. भजी कुणी खाल्लेली नाहीत.

मी ते ताक मुलींना देऊ दिले नाही. विरजण बिघडले म्हणून सांगितले आणि गंज आडवा केला. तळाशी, काठाला, हिरवट कळक चढला होता. कल्हई कधीचीच उडालेली, पितळ उघडे पडलेले. बिनकल्हईच्या पितळेत आंबट ठेवले की ते कळकते आणि कळकलेले पोटात गेले की विष होते, हे आपल्याकडे परकरातल्या मुलीलाही ठाऊक असते. मला ठाऊक नव्हते. जीवनसत्त्वांच्या तक्त्यात कल्हई नव्हती.

मग मी काय केले? शिपाई नामदेवला बाजूला सारून मी स्वतः तो गंज चिंचेने घासला, धुतला, पालथा घातला आणि गप्प बसले. नोकरी कायम व्हायची होती. घरी वडील सेवानिवृत्त झालेले. मुली बऱ्या झाल्या होत्या, भजीवालीलाही कुठेतरी जागा मिळालीच असेल, असे मी मनाशी म्हणत राहिले. असे आठ दिवस गेले.

आठव्या दिवशी भाजी घ्यायला गुजरीत गेले. तिथे एका कोपऱ्यात, मेथीवाल्यांच्या पलीकडे, पार्वतामाय बसली होती. पाटीभर भजी तळलेली, वर फडके झाकलेले. "घ्या वं माय, ताजे हाय," ती येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना म्हणत होती. एका बाईच्या हाताला धरलेली लहान मुलगी पाटीकडे ओढ घेऊ लागली, तशी तिची आई जोरात म्हणाली, "तिथं नको जाऊ. शायेतल्या पोरी तिनंच बिमार पाडल्या." पार्वतामायने फडके पुन्हा नीट झाकले. तिने मला पाहिले नाही, असे मला वाटले. मी मेथी न घेताच मागे वळले आणि तडक मोठ्या बाईंच्या घरी गेले.

मी रडत रडत सगळे सांगितले. सगळे म्हणजे ताक, गंज, कल्हई. मोठ्या बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तिला काढलंत ते चारचौघांत काढलंत. आता सांगायचंही चारचौघांतच. उद्या संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. सगळ्या आया येतील."

"पण बाई, हळदीकुंकवाला पार्वताबाई कशा येणार?" मी विचारले. आणि विचारल्यावर लक्षात आले की त्या दिवशी मोठ्या बाईही दरवर्षी ऑफिसचे दार लोटून आत हजेरीपटच तपासत बसत.

"त्या आत नाही येणार," मोठ्या बाई म्हणाल्या. "आपण बाहेर जाऊ."

हळदीकुंकू झाले, वाण लुटले, बायका उठू लागल्या तशा मोठ्या बाई ऑफिसातून बाहेर आल्या. म्हणाल्या, "सगळ्यांनी जरा मागच्या फाटकाशी चला." बायका चकित होऊन, पदर सावरत, त्यांच्या मागे निघाल्या. निंबाखाली पार्वतामाय उभी होती. नामदेव तिला बोलावून घेऊन आला होता, का ते तिला सांगितलेले नव्हते.

मी पुढे झाले. मी म्हणाले, "मुली आजारी पडल्या त्या भज्यांनी नाही. ताक मी लावलं होतं. गंजाला कल्हई नव्हती. ताक कळकलं. पार्वताबाईंचा काही दोष नाही. मला हे काल कळलं."

काल. हा एक शब्द मी तिथे खोटा बोलले. मोठ्या बाईंनाही मी दिवस सांगितले नव्हते.

मग किराणा दुकानवाल्यांची सेठाणी कपाळाला हात लावून म्हणाली, "हे राम! इतकी शिकली तू अन् कल्हई नाई समजली? माझी बारा बरसची पोरगी सांगते ना!" काही बायका हसल्या, काही चिडल्या. जिची मुलगी सगळ्यात जास्त आजारी पडली होती ती पुढे आली आणि म्हणाली, "हिनं त्या गरीब बाईले काढलं, आता हिले काढा. बस झालं. माया पोरीच्या जिवावर शिकाले आली काय इथं?" तिच्या मागून आणखी दोघी-तिघी 'हाव, हाव' म्हणू लागल्या. मोठ्या बाई माझ्याकडे पाहत होत्या. मी जमिनीकडे पाहत होते.

आणि पार्वतामाय बोलली. "काढून काय भेटन वं? नवीन येईन, थे बी कल्हई न पाहनारीच येईन. हे बाई आता जलमभर पाहीन."

त्या चिडलेल्या बाईलाच हसू आवरेना. सगळ्यांना त्याची लागण झाली. हशा ओसरल्यावर पार्वतामाय पुढे म्हणाली, "अन् मायं तेल काई चांगलं नवतं. बाई बोलत होती थे खोटं नवतं. जुन्यात नवं वतत जातो आमी. पोट्ट्यांचे गये धरत, खोकत. मले दिसत होतं. पन रोजचं तेल फेकाले काय मी सावकार हाय? चुकलं ते चुकलं. आता पोट्ट्यांले दुपारी खायाले काय देता थे सांगा. आर्ध्या पोट्ट्या उपाशी येते, हे तुमाले मालूम हाय काय?"

बहुतेकींना मालूम नव्हते. पोरी पहाटे उठून झाडलोट करतात, धाकट्यांना सांभाळतात आणि चहावर शाळेत पळतात, हे प्रत्येकीच्या घरात होत होते आणि प्रत्येकीला वाटत होते की आपल्याच घरात होते. निंबाखाली त्या दिवशी बायका संध्याकाळपर्यंत हटल्या नाहीत. तेलघाणीवाल्या सगुणाबाई म्हणाल्या, "तेल मी देतो. पन एक अट. तयून उरलेलं सांजच्याले मले वापस. आमच्या बंडीच्या आसाले वंगन लागते." बैलगाडीच्या वंगणाच्या एवढ्या एका अटीने जुन्या तेलाचा प्रश्न सुटला. माझ्या भाषणांनी तो वर्षभर सुटला नव्हता. सेठाणीने हरभरे कबूल केले. एकीचा संत्र्याचा बगीचा होता. झाडाखाली गळालेली, बाजारात न जाणारी संत्री ती मोसमात पाठवणार होती. पार्वतामायने इथे पुन्हा चूल मांडायची आणि रोज दोघी आयांनी मधल्या सुट्टीत पाळीने यायचे ठरले. शेवटी पार्वतामाय माझ्याकडे बोट करून म्हणाली, "अन् हे बाई भांडे पाहीन."

अशी मी आर्वीच्या शाळेची भांडी-तपासनीस झाले. कल्हईवाला आला की मी भात्याशेजारी, नवसागराच्या धुरात, शेवटचे भांडे चकचकेपर्यंत उभी राहत असे.

सगळे काही दुसऱ्या दिवसापासून सुरळीत झाले असे कुणी समजू नये. उकडलेल्या हरभऱ्यांकडे मुलींनी ढुंकून पाहिले नाही. कंपासपेट्यांत हरभरे सापडले, पाण्याच्या टाकीत सापडले. पाळीवरच्या आया हिरमुसल्या. पार्वतामाय मात्र म्हणाली, "भज्याचा वास नाई ना, म्हून. जीभ मंग जेवते, नाक पहिले जेवते." दुसऱ्या दिवसापासून ती उसळीची फोडणी आधी द्यायचीच नाही. घंटेला पाच मिनिटे उरली की भज्यांच्याच कढईत लसूण-मोहरीचा असा चरचरीत ठसका उडवायची की वारा सगळ्या वर्गांतून फिरून यायचा. त्या पाच मिनिटांत माझा भूगोल एकही मुलगी ऐकत नसे. मीही शिकवत नसे. शनिवारी मात्र भजी व्हायचीच, ताज्या तेलात. ती बंद करावीत असे मी एकदा सुचवून पाहिले. "आठोड्यातून एक दिस तरी त्यायले पोरी राहू द्या," ती म्हणाली.

मग चातुर्मास लागला. आषाढातल्या एका सोमवारी पाळीवरच्या दोघींनी टोपलीभर कांदा चिरून मस्त उसळ केली आणि निम्म्याहून जास्त मुली हात आखडून बसल्या. त्यांच्या घरी चार महिने कांदा-लसूण वर्ज्य. ज्या दोघींनी कांदा चिरला होता त्यांच्याही घरी वर्ज्य! घरातला कांदा त्यांनी एकादशीच्या आधी संपवून टाकला होता आणि शाळेत येऊन चिरला होता. पार्वतामाय कमरेवर हात ठेवून म्हणाली, "देव घरीच राह्यते, शायेत येत नाई, असं वाटलं काय वं तुमाले?" मग तिने ज्वारीच्या कण्या शिजवायला टाकल्या, मातीच्या मडक्यातले ताक ओतले, आणि त्या दिवशी जेवण व्हायला चौथा तास बुडाला. मोठ्या बाई घड्याळ पाहून पुन्हा 'बघू' म्हणाल्या.

एका आईने मुलींच्या बसण्यावरून कुरकुर केली. तिची मुलगी कुणाशेजारी बसते, हे तिला पटत नव्हते. पार्वतामाय वाढता वाढताच म्हणाली, "कोन कोनाजवळ बसते हे पाहाले मले टाइम नाई. तुमाले पाहाचं असन त उद्या पाळीवर या. एका हातानं पाहा, एका हातानं वाढा." ती बाई दुसऱ्या दिवशी खरोखरच आली. आली आणि तिच्या हातात पळी देण्यात आली. चाळीस मुलींना वाढता वाढता तिला इकडे तिकडे बघायला फुरसत झाली नाही. पुढे ती पाळी चुकवेनाशी झाली.

माझ्या वर्गात सुशी नावाची एक मुलगी होती, रोज चौथ्या तासाला बाकावर डोके टेकून झोपायची. मी तिला आळशी म्हणत असे, एकदा उभीही केली होती. त्या पावसाळ्यात कधीतरी माझ्या लक्षात आले की सुशी जागी असते. नुसती जागी नाही, बोलते, शेजारणीच्या वेण्या ओढते, शिक्षा खाते. मी हे पार्वतामायला सांगितले. ती म्हणाली, "थे भुकेली झोपत होती, बाई. आळस भरल्या पोटाचा वेगळा असते." मी सुशीला उभी केले होते ते आठवून मला माझी शरम वाटली. अशी शरम वाटायला लावण्याची त्या बाईची हातोटी होती, आणि ती कधी कुणाला रागावत मात्र नसे.

माझी नोकरी कायम झाली. पुढे चार वर्षांनी लग्न झाले आणि मी वर्ध्याला बदली घेतली. निघताना पार्वतामायने मला ज्वारीच्या कण्या बांधून दिल्या आणि "येजो," म्हणाली. मी जात राहिले, वर्षातून एकदा, कधी दोनदा. निंबाखाली आता दुसरी बाई होती, पार्वतामाय बाजूला बसून सूचना करायची. मग तेही थांबले.

शेवटची भेट झाली तेव्हा ती खाटेवर होती. कारंजाहून मुलगी येऊन राहिली होती. हात अगदी काटक्यांसारखे झाले होते, पण आवाज तसाच. मुलगी चहा करायला आत गेली. मी खाटेशी बसले आणि इतकी वर्षे जे कुणालाच सांगितले नव्हते, नवऱ्यालासुद्धा नाही, ते तिला सांगितले. "माय, मी त्या दिवशी खोटं बोलले. मला काल कळलं म्हणाले. मला आठ दिवस आधीच कळलं होतं. मी गप्प बसले. तुम्ही गुजरीत बसला होता आणि मी गप्प बसले."

ती हसली. "मले मालूम हाय. नामदेवनं सांगतलं होतं. बाईनं गंज स्वता चिचेनं घासला म्हने. मास्तरीन बाई काऊन घासन गंज?" मग थोडे थांबून, दम घेऊन म्हणाली, "मले त पहिल्याच दिशी समजलं होतं. पोट्ट्यांच्या वकन्यात हिरवं दिसलं ना. भज्यानं असं होत नाई."

"मग बोलला का नाही?"

"बोलाले आलती मी. फाटकातून पाह्यलं. तू खाली बसून पोट्ट्यांचं वकलेलं हातानं पुसून राह्यली होती. बाकीच्या बाया नाकाले पदर लावून उभ्या. म्हटलं, हे राह्यली पायजे शायेत. भज्यावाली दुसरी भेटते." तिने डोळे मिटले. मला वाटले झोप लागली. पण तशीच डोळे मिटून ती पुढे म्हणाली, "पन शिव्या देल्या तुले. लय देल्या. गुजरीत रोज वाट पाहो. वाटे, आज येईन, आज येईन. दोन-तीन दिसांत येशीन असं वाटलं होतं मले. तुले आठ लागले."

मी तिच्या काटकुळ्या हातावर डोके टेकले. तिने दुसरा हात माझ्या केसांवरून फिरवला. "आली ना पन," ती म्हणाली. "रडून काय राह्यली? चहा घे. उपाशी आली असशीन."

महिन्याच्या आत ती गेली. मला कळेपर्यंत तेरावा झाला होता. आर्वीला गेले तेव्हा मोठ्या बाई नव्हत्या, सेठाणी नव्हती, आणि निंबाखाली पळसाचे द्रोण घेऊन बसलेल्या मुली मला ओळखतही नव्हत्या. पाळीवरच्या दोन तरुण आया वाढत होत्या, त्यांनी मला पाहुणी समजून बसायला सांगितले. मी त्यांना म्हणाले, या झाडाखाली एकदा मी एका बाईबद्दल चारचौघांत बोलले होते आणि त्यातले थोडे सांगायचे राहिले होते. त्यांना काही समजले नाही. एक जण म्हणाली, "आधी खाऊन घ्या बाई, मग सांगा." मी खाल्ले, पण सांगणे झाले नाही.

ते आठ दिवस आज इथे लिहिले. मला काल कळले नव्हते. मला आठ दिवस आधीच कळले होते, आणि ती रोज वाट पाहत होती.